मेदपुटिकांचा प्रवास: परळच्या रुग्णालयापासून अंबाजोगाईच्या रुग्णकक्षापर्यंत

जनुकीय द्रव्य पेशीच्या आत पोहोचवण्याच्या प्रयत्नांचा इतिहास हा जनुकांपेक्षा त्यांच्या वाहकांचा इतिहास अधिक आहे. डीएनए आणि आरएनए प्रयोगशाळेत तयार करण्याची विद्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झपाट्याने पुढे गेली. परंतु तयार झालेला रेणू रुग्णाच्या पेशीत उतरवणे ही वेगळी आणि कितीतरी चिवट अडचण ठरली, कारण हे रेणू आकाराने मोठे, ऋणभारित आणि नाजूक असतात, रक्तातील विकरे त्यांचे अल्पावधीत तुकडे करतात आणि जे शिल्लक राहतात त्यांना पेशीभोवतीचे मेदमय पटल आत शिरू देत नाही. या अडचणीवर मुख्यतः दोन मार्ग निघाले. पहिल्यात निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या कवचातून जनुक पाठवले जाते; दुसऱ्यात पेशीपटल ज्या द्रव्यांचे बनलेले असते त्याच जातीच्या द्रव्यांची, म्हणजे लिपिडांची, सूक्ष्म पुटिका किंवा कण तयार करून त्यातून जनुकीय द्रव्य नेले जाते. या दुसऱ्या मार्गाची महाराष्ट्रातील वाटचाल मुंबईतील परळ, पुण्याजवळील हिंजवडी आणि बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई या तीन ठिकाणांच्या आधारे मांडता येते. या वाटचालीचे वैशिष्ट्य असे, की मराठवाड्यातील सामान्य माणसाला मेदपुटिकांचा ठळक परिचय झाला तो जनुकांच्या निमित्ताने नव्हे, तर 2021 साली बुरशीवरील एका औषधाच्या निमित्ताने झाला.

लिपिडांचा गुणधर्म समजून घेतल्याशिवाय हा इतिहास कळत नाही. पेशीपटलातील फॉस्फोलिपिड या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते, तर दुसरे, शेपटीसारखे लांब टोक पाण्यापासून दूर पळते; त्यामुळे असे रेणू पाण्यात सोडले की ते आपोआप दोन थरांत मांडले जातात, शेपट्या आत दडवतात आणि ते दुहेरी पटल स्वतःवर वळून बंद गोलाकार पुटिका बनते, जिच्या पोटात थोडे पाणी अडकून राहते. इंग्लंडमधील बाब्रहॅम येथील संस्थेत ॲलेक बँगहॅम यांनी 1960च्या दशकाच्या पूर्वार्धात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या पुटिका पाहिल्या आणि सहकाऱ्यांसह त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे त्यांना लायपोसोम हे नाव मिळाले. आरंभी त्यांच्याकडे पेशीपटलाची कृत्रिम प्रतिकृती म्हणून पाहिले गेले. परंतु पुटिकेच्या पोटातल्या पाण्यात किंवा तिच्या पटलात औषध ठेवता येईल ही कल्पना ग्रेगरी ग्रेगोरियाडिस आणि ब्रेंडा रायमन यांनी 1970च्या दशकाच्या प्रारंभी मांडली आणि तेव्हापासून लायपोसोम हा औषधशास्त्राचा विषय झाला.

जनुकीय द्रव्याकडे वळण्यास त्यानंतर फार काळ लागला नाही. 1978 मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी लायपोसोममध्ये संदेशवाहक आरएनए, म्हणजे प्रथिन कसे बनवायचे याचा निरोप पेशीतील यंत्रणेला देणारा रेणू, भरून तो प्राण्यांच्या आणि मानवी पेशींत पोहोचवल्याचे आणि त्या पेशींनी त्यानुसार प्रथिन तयार केल्याचे दाखवले. मात्र साध्या पुटिकेत मोठा रेणू फार थोड्या प्रमाणात कोंडला जाई आणि त्यामुळे परिणामही तोकडाच राही. 1987 मध्ये फिलिप फेल्गनर आणि सहकाऱ्यांनी धनभारित लिपिड वापरून हा पेच सोडवला, कारण जनुकीय द्रव्य ऋणभारित असल्याने ते धनभारित लिपिडाला स्वतःहून चिकटते आणि कोंडण्याची खटपटच उरत नाही. दोन वर्षांनी रॉबर्ट मॅलोन, फेल्गनर आणि भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ इंदर वर्मा यांनी याच रीतीने संदेशवाहक आरएनए पेशींत उतरवता येतो हे सिद्ध केले. प्रयोगशाळेतील पेशींसाठी ही रीत जगभर रूढ झाली. परंतु कायम धनभारित राहणारी लिपिडे रक्तात सोडली की ती तेथील प्रथिनांशी गुंततात आणि पेशींना अपायही करतात, त्यामुळे रुग्णाच्या शरीरात त्यांचा वापर अडखळतच राहिला.

भारतात मेदपुटिकांचा अभ्यास सुरू झाला तो औषधाच्या बाजूने, आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा होता. जीवरसायनशास्त्रज्ञ बिमलकुमार बछावत यांनी आधी कोलकाता आणि नंतर दिल्ली विद्यापीठात लायपोसोमवर संशोधन उभे केले, तर परळच्या केईएम रुग्णालयात आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या औषधशास्त्र विभागाने ते प्रयोगशाळेतून रुग्णाच्या खाटेपर्यंत आणले. त्यांनी निवडलेले औषध ॲम्फोटेरिसिन बी हे होते. 1950च्या दशकात सापडलेले हे औषध शरीरात खोल पसरणाऱ्या बुरशीजन्य आजारांवर अत्यंत गुणकारी असले तरी त्याचे दुष्परिणाम भयंकर होते. सलाइनच्या बाटलीतून ते सुरू होताच रुग्णाला हुडहुडी भरून ताप येई आणि काही दिवसांत मूत्रपिंडांवर ताण पडून त्याची खूण असलेले रक्तातील क्रिएटिनिन वाढू लागे. या औषधाचा रेणू बुरशीच्या पटलातील अर्गोस्टेरॉलला चिकटून त्या पटलाला छिद्रे पाडतो, परंतु मानवी पेशीतील कोलेस्टेरॉलशीही त्याचा काहीसा संबंध जुळतो आणि अपाय होतो तो तेथेच. औषध लायपोसोमच्या पटलात बसवले की ते मानवी पेशींना टाळून बुरशीजवळ मोकळे होण्याची शक्यता वाढते, मूत्रपिंडे तुलनेने वाचतात आणि डॉक्टरांना अधिक मात्रा देता येते.

परदेशात याच तत्त्वावर बनलेले औषध 1990च्या दशकात बाजारात आले होते, परंतु त्याची किंमत भारतीय सार्वजनिक रुग्णालयांच्या आवाक्याबाहेर होती. क्षीरसागर आणि सहकाऱ्यांनी फॉस्फॅटिडिलकोलीन आणि कोलेस्टेरॉल यांचे पटल असलेले देशी लायपोसोम विकसित केले, प्राण्यांवरील आणि नंतर रुग्णांवरील चाचण्या पूर्ण केल्या आणि पुढे ते फंजिसोम या नावाने उत्पादनात आले. या औषधाची एक गोष्ट जवळून पाहण्याजोगी आहे. पुटिका साठवणीत एकमेकींना चिकटून मोठ्या होतात, म्हणून हे औषध देण्यापूर्वी कुपी ध्वनिलहरींनी हलवणाऱ्या छोट्या यंत्रात सुमारे 45 मिनिटे ठेवावी लागे, जेणेकरून पुटिकांचा आकार पुन्हा बारीक होई. परदेशी औषधात हे काम कारखान्यात आधीच उरकलेले असे, तर देशी औषधात त्याचा शेवटचा टप्पा परिचारिकेच्या टेबलावर पार पडे. त्यामुळे उत्पादन स्वस्त झाले, परंतु रुग्णकक्षातील श्रम आणि यंत्राची गरज वाढली. 2005 साली जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन या केईएमशी संलग्न नियतकालिकात क्षीरसागर आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेपासून रुग्णालयापर्यंतच्या या वाटचालीचा आढावा घेतला. बिहारमधील काळा आजार या परजीवीजन्य रोगावरही लायपोसोममधील ॲम्फोटेरिसिनचा उपयोग सिद्ध झाला आणि तेथे एकाच दिवशी दिलेल्या एका मात्रेने बहुसंख्य रुग्ण बरे होतात हे 2010 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले.

या औषधाशी बीड जिल्ह्याचा संबंध आला तो कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. जिल्ह्यातील सर्वांत मोठे शासकीय उपचारकेंद्र म्हणजे अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते असलेल्या स्वामीजींनी याच गावातील योगेश्वरी विद्यालयात अध्यापन केले होते, आणि 1970च्या दशकात ग्रामीण भागासाठी उभारलेल्या या महाविद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले. परळी, केज, धारूर, माजलगाव या तालुक्यांतील गंभीर रुग्ण प्रामुख्याने येथे येतात. आष्टी आणि पाटोद्याकडच्या रुग्णांना मात्र तेव्हाचे अहमदनगर जवळ पडते, तर गेवराईकडचे रुग्ण तेव्हाच्या औरंगाबादच्या घाटी रुग्णालयाची वाट धरतात. 2021च्या मे महिन्यात कोरोनातून बरे होणाऱ्या, विशेषतः मधुमेह असलेल्या आणि स्टिरॉइड दिलेल्या, रुग्णांमध्ये म्युकरमायकोसिस हा आजार वाढला. लोकांनी त्याला काळी बुरशी म्हटले. नाकाच्या पोकळीतून डोळ्याकडे आणि मेंदूकडे सरकणाऱ्या या बुरशीला रोखण्यासाठी कुजलेला भाग शस्त्रक्रियेने काढणे आणि त्याच वेळी ॲम्फोटेरिसिन सुरू करणे हाच मुख्य उपाय होता.

औषधाची गरज किती मोठी होती हे साध्या हिशेबाने कळते. लायपोसोममधील ॲम्फोटेरिसिनची शिफारस केलेली मात्रा रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे 5 मिलिग्रॅम असते आणि एका कुपीत 50 मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे 60 किलो वजनाच्या रुग्णाला दिवसाला 300 मिलिग्रॅम, अर्थात सहा कुप्या लागतात, आणि उपचार काही आठवडे चालतात. तीन आठवडे धरले तरी एका रुग्णाला 126 कुप्या हव्यात. शिवाय परदेशी पद्धतीचे हे औषध मिठाच्या सलाइनमध्ये मिसळता येत नाही, कारण मिठामुळे पुटिकांचा गोळा होतो. ते पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच द्यावे लागते, आणि उपचार चालू असेपर्यंत क्रिएटिनिन व पोटॅशियम वारंवार तपासावे लागते. एरवी दुर्मीळ असलेल्या आजाराचे रुग्ण एकाच महिन्यात राज्यभर हजारोंच्या संख्येने आल्यावर खाजगी दुकानांतून हे औषध नाहीसे झाले, केंद्र सरकारने राज्यांना आणि राज्याने जिल्ह्यांना कोटा ठरवून कुप्या वाटल्या, आणि महाराष्ट्र शासनाने या आजाराचा समावेश महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केला. मे महिन्याच्या अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीने मेदमिश्रित ॲम्फोटेरिसिनचे उत्पादन सुरू केले आणि बाजारात सात हजार रुपयांच्या आसपास मिळणारी कुपी 1,200 रुपयांत देण्याचे जाहीर केले. मात्र तोवर अनेक रुग्णांवर जुन्या, मूत्रपिंडांना त्रासदायक अशा ॲम्फोटेरिसिनचाच वापर करावा लागला होता. ज्या देशात या पुटिकांवर दोन दशकांहून अधिक काळ संशोधन झाले होते, त्याच देशातल्या जिल्हा रुग्णालयांपर्यंत त्या संकटाच्या काळात पुरेशा संख्येने पोहोचल्या नाहीत, हे या प्रकरणातून स्पष्ट झाले.

औषध नेणाऱ्या पुटिकेतून जनुकीय द्रव्य नेण्याची मधली पायरी यादरम्यान अन्यत्र चढली गेली होती. कॅनडातील पीटर कलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी लिपिडे घडवली, की जी रक्ताच्या किंचित अल्कधर्मी वातावरणात भाररहित राहतात आणि पेशीने गिळल्यानंतर तिच्यातील आम्लधर्मी कोशात गेल्यावर धनभारित होऊन त्या कोशाचे पटल फोडतात व आरएनए बाहेर सोडतात. या लिपिडाच्या जोडीला फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल जोडलेले लिपिड असे आणखी तीन घटक वापरले जातात आणि त्यांचा कण आतून पोकळ नव्हे, तर बराचसा भरीव असतो. म्हणून शास्त्रज्ञ त्याला पुटिका न म्हणता मेदनॅनोकण म्हणतात. 2018 साली या कणांतून दिले जाणारे पॅटिसिरान हे पहिले औषध अमेरिकेत संमत झाले, आणि 2020च्या डिसेंबरात फायझर-बायोएनटेकची लस ब्रिटनमध्ये मान्य झाल्यावर हे तंत्र घरोघरी पोहोचले. या लसीच्या मुळाशी असलेल्या आरएनएच्या रासायनिक बदलासाठी कॅटलिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांना 2023चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातही या विद्येची बैठक होती: हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत अरविंद चौधुरी आणि सहकाऱ्यांनी पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांबरोबर नव्या धनभारित लिपिडांची मालिका तयार करून तिचे वर्णन 1999 साली प्रसिद्ध केले होते.

परंतु परदेशी लस बीडसारख्या जिल्ह्यासाठी बनलेली नव्हती. फायझरची लस सुरुवातीला उणे 70 अंश सेल्सिअसच्या आसपास साठवावी लागे, तर जिल्ह्यातील लसीकरणाची सारी शीतसाखळी 2 ते 8 अंशांवर उभी आहे. पुण्याच्या राज्य साठ्यातून विभागीय साठ्यात, तिथून जिल्ह्याच्या साठ्यात, पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रातील आयएलआर या बर्फाचे अस्तर असलेल्या फ्रिजमध्ये आणि शेवटी आईस पॅक घातलेल्या व्हॅक्सिन कॅरिअरमधून उपकेंद्रात किंवा वस्तीवर, असा लसीचा प्रवास असतो. त्यातच दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघून जातात, त्यामुळे ठरावीक अंतराने दोन मात्रा देण्याच्या लसीकरणाला येथे आणखी एक अडचण असते. फायझरने भारतातील परवान्यासाठीचा अर्ज फेब्रुवारी 2021 मध्ये मागे घेतला, मॉडर्नाच्या लसीला त्याच वर्षी जून अखेरीस परवानगी मिळूनही ती राष्ट्रीय मोहिमेत आली नाही, आणि बीडच्या लसीकरण केंद्रांवर मुख्यतः कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिन याच लसी दिल्या गेल्या. यांपैकी पुण्यात बनलेल्या कोविशिल्डमध्ये जनुक नेण्याचे काम चिंपांझीच्या एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूने केले. म्हणजे जनुकीय द्रव्याचा वाहक बीडमध्ये मोठ्या प्रमाणावर पोहोचला, परंतु तो विषाणू होता, मेदकण नव्हता.

हिंजवडीतील जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स या कंपनीने नेमका हाच साठवणीचा प्रश्न हाती घेतला. डॉ. संजय सिंह यांच्या नेतृत्वाखाली आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने विकसित झालेल्या जेमकोव्हॅक-19 या लसीत आरएनए मेदकणाच्या पोटात भरण्याऐवजी धनभारित लिपिडाचे आवरण असलेल्या सूक्ष्म तेलकट थेंबाच्या पृष्ठभागावर बसवले होते. हे तंत्र अमेरिकेतील सिॲटलच्या एचडीटी बायो या कंपनीबरोबरच्या सहकार्यातून आले. या आरएनएला स्वतःच्या प्रती पेशीत काढण्याची क्षमता होती, त्यासाठीचे जनुकीय भाग घोड्यांना होणाऱ्या व्हेनेझुएलन मेंदूज्वराच्या विषाणूपासून घेतले होते, आणि त्यामुळे कमी मात्रेत अधिक प्रथिन मिळण्याची अपेक्षा होती. लस 2 ते 8 अंशांवर साठवता येत असे. 28 दिवसांच्या अंतराने दोन मात्रा देण्याच्या या लसीला जून 2022 मध्ये औषध महानियंत्रकांची आपत्कालीन वापरासाठी परवानगी मिळाली. भारतात विकसित होऊन अशी परवानगी मिळालेली ही पहिली संदेशवाहक आरएनए लस होती. पुढील वर्षी कोरोनाच्या ओमायक्रॉन या प्रकारासाठी बदललेली जेमकोव्हॅक-ओएम ही वर्धक लस आली. ती गोठवून वाळवलेल्या भुकटीच्या रूपात असे आणि सुईऐवजी दाबाने त्वचेत शिरणाऱ्या फवाऱ्याच्या यंत्राने दिली जाई. तिच्या चाचण्यांत तीन हजारांहून अधिक व्यक्तींनी भाग घेतला आणि 24 जून 2023 रोजी तिचे लोकार्पण झाले.

तांत्रिकदृष्ट्या पाहता, व्हॅक्सिन कॅरिअर घेऊन आरोग्य सेविका जिथवर चालत जाते तिथवर जाऊ शकेल अशी आरएनए लस महाराष्ट्रात तयार झाली होती. व्यवहारात मात्र ती तेथे गेली नाही. 2023च्या मध्यापर्यंत कोरोना लसीची मागणी ओसरली होती, वर्धक मात्रेबद्दल लोकांचा उत्साह मावळला होता, लस सार्वजनिक मोहिमेऐवजी किमतीला विकली जात होती आणि सुईविरहित यंत्र हे प्रशिक्षणाची गरज असलेले नवे साधन होते. लायपोसोममधील ॲम्फोटेरिसिनच्या बाबतीतही वेगळ्या कारणांनी असेच घडले होते: रेणू होता, वाहकही होता, परंतु तो वेळेवर आणि परवडणाऱ्या दरात तालुक्याच्या रुग्णालयात नव्हता.

परळच्या विभागाने रुग्णाच्या मूत्रपिंडांचा विचार करून पुटिका घडवली, हिंजवडीच्या कंपनीने आरोग्य केंद्राच्या फ्रिजचा विचार करून मेदथेंब घडवला. इथल्या गरजा ओळखून वाहक घडवण्याची क्षमता महाराष्ट्राकडे आहे, हे या दोन्ही प्रकरणांतून सिद्ध झाले. अपुरी राहिली ती खरेदी, साठा आणि किंमत ठरवण्याची सार्वजनिक व्यवस्था. मेदकणांतून जनुकीय दोष दुरुस्त करणारे उपचार आता परदेशात प्रत्यक्ष रुग्णांना दिले जाऊ लागले आहेत, आणि आज ना उद्या ते येथेही येतील. ते येण्यापूर्वी अंबाजोगाईच्या रुग्णालयात कोणत्या औषधाच्या किती कुप्या सदैव शिल्लक असाव्यात आणि त्यांचा खर्च कोणी उचलावा, हे शासनाने ठरवून ठेवले नाही, तर पुढच्या साथीतही बीडच्या रुग्णाला औषधाची वाटच पाहावी लागेल.